विमानतळावरची व्हीलचेअर दारापर्यंतच. पुढे हॉटेलपर्यंत आजी-आजोबांना न्यायचं कसं?

कुंभार पिंपळगावहून मुंबईला विमानाने जायचं असेल, तर त्यातला सगळ्यात सोपा भाग विमानाचा. तासाभरात माणूस मुंबईत उतरतो. अवघड असतं ते त्याच्या आधीचं आणि त्याहून अवघड त्याच्या नंतरचं. सोबत पंच्याहत्तरीतल्या आजी, दोन बॅगा, एक पिशवी, फायलींचं बोचकं आणि जायचंय परळला. कारण आपल्याकडून मुंबईला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी फिरायला जाणारे थोडे असतात. बहुतेक जण टाटा नाहीतर केईएमला निघालेले असतात.

घनसावंगी तालुक्यातल्या माणसाला जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा. जालन्याकडून जाताना तो शहराच्या आधीच लागतो, त्यामुळे शहराच्या गर्दीत शिरावं लागत नाही. गावातून गाडी केली की ती थेट गेटसमोर सोडते. तिथे काही अडत नाही, कारण गाडी आपली, ड्रायव्हर ओळखीचा, आणि आजींना धरायला दोन पोरं जास्तीची असतात. मुंबईत उतरल्यावर यातलं काहीच नसतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं होतं?

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वृद्ध जोडपं मुंबईत उतरलं. नवरा ८० वर्षांचा. दोघांसाठीही व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली होती. प्रत्यक्षात एकच आली. त्यात बायको बसली आणि आजोबा शेजारून चालत निघाले. बातम्यांमध्ये हे अंतर सुमारे दीड किलोमीटर सांगितलं गेलं. इमिग्रेशनच्या भागात ते कोसळले. त्यांना रुग्णालयात नेलं, पण ते वाचले नाहीत.

कंपनीचं म्हणणं असं होतं, की त्या वेळी व्हीलचेअरची मागणी फार होती, आजोबांना थांबायला सांगितलं होतं, पण त्यांनी पत्नीसोबत चालत जायचं ठरवलं. विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने हे मान्य केलं नाही. कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड झाला आणि उतरणाऱ्या-चढणाऱ्या प्रवाशांसाठी पुरेशा व्हीलचेअर ठेवा, असं सगळ्याच कंपन्यांना बजावण्यात आलं.

या घटनेत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, व्हीलचेअरची नोंद कुटुंबाच्या नावावर होत नाही, प्रत्येक प्रवाशाच्या नावावर वेगळी होते. आजी-आजोबा दोघे जाणार असतील, तर दोघांच्या नावासमोर ती दिसतेय का, हे तिकिटावर तपासायचं. दुसरी गोष्ट आपल्या स्वभावाची. एकच खुर्ची आली, तर घरातला म्हातारा माणूस “तू बस, मी येतो चालत” असंच म्हणणार. तेव्हा सोबतच्या तरुणाने थांबायचा हट्ट धरला पाहिजे. दुसरी खुर्ची यायला अर्धा तास लागला तरी चालेल. देशातल्या प्रवासात विमानतळाबाहेर आपली कुठली गाडी चुकणार नसते.

नियम काय सांगतो?

डीजीसीएच्या नियमानुसार ज्या प्रवाशाला चालायला त्रास आहे, त्याला मदत देणं ही विमान कंपनीची जबाबदारी आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. ही मदत निघण्याच्या विमानतळावरच्या टर्मिनलपासून सुरू होते आणि उतरण्याच्या विमानतळावर टर्मिनलच्या बाहेर पडायच्या दारापर्यंत असते. प्रवासाच्या ४८ तास आधी कळवायचं असतं. तिकीट काढतानाच कळवलं तर उत्तम.

युरोपात हीच जबाबदारी २००६ च्या कायद्याने विमानतळ चालवणाऱ्यांवर टाकलेली आहे. अमेरिकेत ती आपल्यासारखीच कंपन्यांवर आहे, आणि व्हीलचेअरच्या प्रवाशांची हेळसांड केली म्हणून तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला ५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. थोडक्यात, हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही.

व्हीलचेअर मागताना कंपनी तीन प्रकार विचारते आणि इथे बरेच जण घाईत पहिलाच प्रकार निवडतात. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे पायऱ्या चढता येतात, फक्त लांब चालवत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे पायऱ्याही चढवत नाहीत. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे सीटपर्यंत बसवूनच न्यावं लागतं. फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक वेळी विमानाला जोडलेला बंद पूल मिळेलच असं नाही. जिना लावला आणि गुडघ्याच्या आजींच्या नावावर पहिला प्रकार असला, तर त्यांनी जिना चढणं अपेक्षित असतं. पायऱ्यांना घाबरत असतील, तर दुसरा प्रकारच सांगा.

घरून स्वतःची घडीची व्हीलचेअर नेणार असाल, तर तीही विमानात फुकट जाते. पण ती न्यावी का, याबद्दल पुढे बोलू, कारण त्याचं उत्तर मुंबईच्या टॅक्सीच्या डिकीत आहे.

एक अडचण मात्र कुठल्या नियमात लिहिलेली नाही. “मला काय धाड भरलीय? शेतात जाते मी रोज चालत.” खरं असतं ते. पण शेतातलं चालणं आणि विमानतळावरचं चालणं यात फरक आहे. शेतात दमलं की बांधावर बसता येतं. इथे रांगेत उभं राहायचं, तपासणीला पुन्हा उभं राहायचं, परत चालायचं. व्हीलचेअर म्हणजे अपंगत्वाचा शिक्का नाही, रांग वाचवायचं साधन आहे, असं सांगितलं तर बऱ्याच आजी ऐकतात. तपासणीला आधी नंबर लागतो, हे कळल्यावर तर लवकर ऐकतात.

आधी हे बघा, की मुंबईत उतरणार कुठे

पूर्वी ‘मुंबई विमानतळ’ म्हटलं की विषय संपायचा. आता तसं नाही. जुन्या विमानतळाची दोन टर्मिनल आहेत. टी-१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला आणि टी-२ अंधेरी पूर्वेला सहारला. देशातली विमानं दोन्हीकडे उतरतात. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, त्यामुळे तिकीट शोधताना दोन्ही विमानतळांची नावं एकाच यादीत दिसू शकतात. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. तिकीट काढणाऱ्या भाच्याला एवढं बघायला सांगा.

नवी मुंबईला उतरणं परळसाठी अगदीच वाईट नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीला उतरतो आणि शिवडीपासून परळ हाकेच्या अंतरावर आहे. पण एकूण अंतर जास्त आणि सेतूचा टोल वेगळा. सुरुवातीला कारसाठी एका बाजूचा २५० रुपये ठरला होता. टॅक्सीचं भाडं विचारताना टोल धरून की सोडून, हे आधीच विचारून घ्यावं.

दार उघडलं, आता खुर्ची परत

आता खरा मुद्दा. टर्मिनलच्या दारापर्यंत आजींना खुर्चीत बसवून आणणारा कर्मचारी असतो. नियमाने त्याचं काम तिथे संपतं. पुढे टॅक्सीपर्यंतचं अंतर कुणाच्याच खात्यात नाही, ते प्रवाशाचं. नेमकं तिथेच सोबतच्या एकट्या माणसाच्या हातात सामानाची ट्रॉली, आजी आणि फोन अशा तीन गोष्टी येतात, आणि हात दोनच असतात.

बरेच कर्मचारी माणुसकीने टॅक्सीपर्यंत सोडतात. म्हणून दाराशी पोहोचण्याआधी, बॅगा घेत असतानाच विचारून ठेवावं, “दादा, टॅक्सीपर्यंत सोडाल का?” सेवा फुकट असते, पैसे द्यायचं बंधन नाही. कुणी मागितले तर नाही म्हणता येतं. आपल्या खुशीने दिले तर ती वेगळी गोष्ट. मुंबई विमानतळावर ‘प्रणाम’ नावाची पैसे भरून मिळणारी मदतनीस सेवाही आहे. एकटी मुलगी आईला घेऊन येत असेल आणि सामान जास्त असेल, तर तिचा दर एकदा बघायला हरकत नाही.

सामान घेण्याच्या पट्ट्याजवळच स्वच्छतागृह असतं. बाहेर पडण्याआधी तिथे जाऊन या, “लागली नाही” म्हणाल्या तरी. कारण पुढचा रस्ता पंधरा-सोळा किलोमीटरचा असला, तरी गर्दीच्या वेळी त्याला सहज दीड तास लागतो, आणि मुंबईत वाटेत गाडी थांबवून जागा शोधणं म्हाताऱ्या बाईसाठी फार अपमानाचं होतं. पाणी प्यायचं टाळत बसण्यापेक्षा हे बरं.

टॅक्सी कुठली करायची?

पोरं म्हणतात, ॲपवरून बोलवू. एकट्यासाठी ठीक आहे. पण टी-२ वर ॲपच्या गाड्या दारासमोर येत नाहीत, बहुमजली पार्किंगमध्ये ठरलेल्या जागी येतात. तिथपर्यंत लिफ्टने जायचं, गाडीचा नंबर शोधायचा, ड्रायव्हरचा फोन घ्यायचा, ओटीपी सांगायचा. गाडी रद्द झाली तर परत पहिल्यापासून. तोवर आजी उभ्या, नाहीतर बॅगेवर बसलेल्या.

म्हणून म्हातारं माणूस सोबत असताना माझं मत प्रीपेड टॅक्सीच्या बाजूने आहे. काउंटर आत किंवा दाराजवळ असतो. कुठे जायचं ते सांगायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची. भाडं आधीच ठरतं, वाटेत मीटरकडे बघत बसायला नको. ॲपपेक्षा कधी थोडं जास्त पडतं, कधी कमीही पडतं, कारण गर्दीच्या वेळी ॲपचे दर चढतात. पावतीवरचा ड्रायव्हरचा भाग हॉटेलच्या दारात पोहोचल्यावरच द्यायचा. तोवर पावती आपल्या खिशात.

रिक्षाचा विचार करू नका. मुंबईत रिक्षा उपनगरांपुरत्याच चालतात. वांद्रे आणि सायनच्या पुढे, म्हणजे माहीम, दादर, परळकडे त्यांना परवानगी नाही. “मी सोडतो” म्हणून कुणी रिक्षात बसवलं, तर तो हद्दीवर उतरवणार आणि तिथून पुन्हा टॅक्सी बघावी लागणार.

मेट्रोचं काय? ऑक्टोबर २०२५ पासून भूमिगत मेट्रो-३ आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, आणि टी-१, टी-२ दोन्हीकडे स्थानक आहे. पाठीवर एक बॅग असलेल्या माणसाला यासारखं दुसरं साधन नाही. पण टाटासाठी उतरायचं दादरला, ते स्थानक पश्चिमेला, हॉस्पिटल परळ पूर्वेला. म्हणजे जमिनीखालून वर यायचं आणि तरीही टॅक्सी करायचीच. आजींसोबत नको. नंतर डबा घेऊन येणाऱ्या भावाला मात्र मेट्रोच सांगा.

डिकीतली टाकी

मुंबईतल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि सीएनजीची टाकी डिकीत असते. बाहेरून मोठी दिसणारी गाडी उघडली, की आत दीड बॅगेची जागा निघते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर सामानासाठी वर कॅरिअर असतो, ॲपच्या गाड्यांवर तो नसतो. मग एक बॅग मागच्या सीटवर येते आणि आजी तिच्या बाजूला अंग चोरून दीड तास बसतात. तीन माणसं आणि दोन मोठ्या बॅगा असतील, तर सुरुवातीलाच मोठी गाडी मागा. दोन मोठ्या बॅगांऐवजी एक मोठी आणि दोन मऊ पिशव्या भरल्या, तर छोट्या गाडीतही जमतं, कारण पिशव्या टाकीच्या वर-खाली कोंबता येतात. आणि घरची व्हीलचेअर? घडी केली तरी या डिकीत ती सहसा मावत नाही. रोज लागतच असेल तरच न्या, आणि मग गाडी मोठीच करा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. सीएनजी भरताना पंपावर सगळ्या प्रवाशांना खाली उतरवतात. म्हणजे मोठ्या कष्टाने बसवलेल्या आजींना पुन्हा उतरायचं, रांगेच्या बाजूला उभं राहायचं, पुन्हा बसायचं. निघण्याआधी ड्रायव्हरला एवढंच विचारा, “गॅस भरलेला आहे ना?”

गाडीत बसवायचीही एक पद्धत आहे. पाय आधी आत टाकायला लावू नका. दाराकडे पाठ करून आधी सीटवर बसवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. डोक्यावर हात धरायचा, नाहीतर चौकटीला डोकं आपटतं. नऊवारी नेसलेल्या बाईला तर हेच सोपं पडतं. गुडघे दुखत असतील तर पुढची सीट मागे सरकवून तिथे बसवा. उंच गाडीत चढायला त्रास, अगदी बुटक्या गाडीतून उठायला त्रास, म्हणून साधी डिकीवाली गाडी बरी.

परळ आणि लोअर परळ एक नाहीत

हॉटेल शोधताना ही चूक फार होते. ॲपच्या नकाशावर लोअर परळ टाटापासून ‘जवळ’ दिसतं. पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. टाटा, केईएम ही पूर्वेला, लोअर परळ पश्चिमेला. दोन्ही बाजू जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल नव्या बांधकामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला आणि आजूबाजूच्या पुलांवर गर्दी वाढली. रोज सकाळी ओपीडीला जायचं असेल, तर राहायची जागा पूर्वेला घ्या. परळ पूर्व, हिंदमाता, दादर पूर्व असा भाग.

याच भागात रुग्णांसाठीच्या जागाही आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही दोन नावं मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत माहीत आहेत. तिथे हॉस्पिटलचे कागद लागतात आणि पोहोचल्या दिवशीच जागा मिळेल, असं धरून चालता येत नाही. म्हणून पहिले एक-दोन दिवस हॉटेल आणि मग धर्मशाळा, असं बरेच जण करतात.

हॉटेलचं बुकिंग ॲपवर केलं तरी हॉटेलला स्वतः फोन लावा. लिफ्ट आहे का, असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी “हो” येतं. “रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत?” असं विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण ती चार-सहा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. बाथरूममध्ये कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास, उंबरा आहे का, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते, हेही याच फोनवर. एक प्लास्टिकचं स्टूल मागून ठेवा, अंघोळीला लागतं.

आणि वेळ. बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी बारा किंवा दोनला मिळते. सकाळच्या विमानाने उतरून दहाला पोहोचलात, तर आजी रिसेप्शनच्या सोफ्यावर चार तास. लवकर खोली देणार का, त्याचे किती घेणार, हे आदल्या दिवशी ठरवून घ्यायचं. दोघांची मूळ ओळखपत्रं वरच्या कप्प्यात ठेवा. आजींचं आधार बहुतेक वेळा मोठ्या बॅगेच्या तळाशी साडीच्या घडीत असतं. औषधं, रिपोर्ट आणि चष्मा मात्र विमानात सोबतच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. पॉवर बँकही सोबतच ठेवावी लागते. आणि नातेवाइकांसाठी घेतलेली सुक्या खोबऱ्याची वाटी मोठ्या बॅगेत टाकू नका. तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं, बॅग अडकते.

मग विमानच कशाला?

प्रश्न बरोबर आहे. जालन्याहून मुंबईची वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडहून सुटते आणि जालन्याला थांबते. जालन्यापासून मुंबई साधारण सात तास, आणि गाडी दादरला थांबते. दादर ते परळ टॅक्सीने थोडकंच. समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालाय. गावातून गाडी केली तर एकदा बसवलेल्या आजी थेट हॉटेलच्या दारात उतरतात आणि सामान कुणाला उचलावं लागत नाही. बसवत असेल, तर हा मार्ग मला सगळ्यात सोपा वाटतो. सहा-सात तास बसवत नसेल, पाठीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर विमान. नुकतंच ऑपरेशन झालेल्या किंवा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णासाठी कंपनी डॉक्टरांचा भरलेला फॉर्म मागते. तो तिकीट काढतानाच मागून घ्या, विमानतळावर ऐनवेळी जमत नाही.

परतीचा प्रवास त्यामानाने सोपा जातो. हॉटेलखालून टॅक्सी थेट टर्मिनलच्या गेटपर्यंत जाते, पार्किंगची भानगड नसते. फक्त गेटवर उतरल्यावर व्हीलचेअर आपोआप येत नाही. आजींना टॅक्सीजवळच्या बाकावर बसवून एकाने आत विमान कंपनीच्या काउंटरवर सांगावं लागतं. त्यासाठी पाऊण तास जास्तीचा धरा, आणि परतीच्या तिकिटावरही व्हीलचेअरची नोंद आहे का, ते मुंबईत असतानाच बघा. जातानाची नोंद परतीला आपोआप लागेल, हे गृहीत धरू नका.